अपत्याचा अपराध कोणता?

घरातील कर्त्या पुरुषाचे निधन होते. दुखवट्याचे दिवस सरतात न सरतात तोच एक तरुण दारात उभा राहतो आणि आपणही त्यांचाच मुलगा असल्याचे सांगतो. पहिली पत्नी हयात असताना मृताने गुपचूप दुसरे लग्न केलेले असते. घरात एकच प्रश्न उठतो : ‘याचा येथे काय संबंध?’ हे उत्तर संतापातून येते. कायद्याचे उत्तर निराळे आहे.

हिंदू विवाह कायदा, 1955 आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 हे दोन्ही जैनांनाही लागू आहेत. पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह शून्य, म्हणजे मुळातच अवैध ठरतो. परंतु विवाह कायद्याचे कलम 16 अशा विवाहातून जन्मलेल्या अपत्यास औरस मानते. विवाह अवैध, अपत्य मात्र वैध, असा हा विवेक आहे. त्याला मर्यादाही आहे : अपत्याचा हक्क केवळ आई-वडिलांच्या मालमत्तेत, काका, आजोबा आदी नातलगांच्या मालमत्तेत नाही.

मग एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेचे काय? यावर दीर्घकाळ मतभेद होते. रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 1 सप्टेंबर 2023 रोजी ते मिटवले. असे अपत्य जन्माने सहदायाद होत नाही. म्हणून पित्याच्या हयातीत वाटणी मागू शकत नाही. मात्र मृत्यूपूर्वी लगेच वाटणी झाली असती तर पित्याच्या वाट्यास जे आले असते, ती पित्याची मालमत्ता समजावयाची आणि तीत या अपत्यास इतर अपत्यांइतकाच वाटा द्यावयाचा.

उदाहरण घेऊ. पहिली पत्नी पूर्वीच वारली. तिचा एक मुलगा, एक मुलगी. तिच्या हयातीतच केलेल्या दुसऱ्या विवाहाचा एक मुलगा. मृत्युपत्र नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत पिता, मुलगा व मुलगी यांचा प्रत्येकी 1/3 हिस्सा. पित्याचा 1/3 तिन्ही अपत्यांत समान वाटला जाईल. म्हणजे पहिल्या दोघांस प्रत्येकी 4/9 आणि तिसऱ्यास 1/9. पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मात्र तिघांचा वाटा सारखाच. दुसऱ्या विवाहातील स्त्रीला पत्नी म्हणून वारसा मिळत नाही.

विवाहविधीच झाला नसेल, तर कलम 16 चा आधार राहत नाही. असे अपत्य आईचे वारस होते, पित्याचे नव्हे; अज्ञान असेपर्यंत पित्याकडून पोटगी मात्र मागू शकते. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले असतील, तर न्यायालय विवाह झाल्याचे गृहीत धरू शकते. पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येते.

या सर्व गुंत्यावर मोठा उपाय पित्याच्याच हाती असतो : हयातीत सत्य सांगणे आणि स्पष्ट मृत्युपत्र करणे. ते केले नाही, तर त्याने लपविलेल्या गोष्टीचा जाब दोन्हीकडची मुले एकमेकांना विचारीत राहतात. जन्म कोणत्या घरात घ्यावा, हे बालकास कोणी विचारलेले नसते. दारात उभ्या राहिलेल्या त्या तरुणाला निदान बसावयास सांगावे आणि त्याचे कागद शांतपणे पाहावेत. त्याचा हक्क किती, हे कायदा ठरवील. त्याच्याशी कसे वागावे, हे घराने ठरवावयाचे असते.