माइक कुणाच्या बापाचा?



चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीत पावतीबुक फिरतं. मजुरीला जाणारी बाई पाचशे रुपये काढून देते. दोन दिवस उन्हात वाकल्याचे ते पैसे. पावती फाटते नवऱ्याच्या नावानं. नवरा मेलेला असला तर पोराच्या नावानं, मग ते पोट्टं तिसरीत का असेना. त्या पैशातून डीजे येतो, भिंतीएवढे बॉक्स येतात, मंडप पडतो, भोजनदान होतं आणि स्टेजवर माइक उभा राहतो. मला त्या माइकबद्दल बोलायचंय.

मी केनवडचा. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. मालेगाव-मेहकर रस्त्यावरचं गाव. पोटासाठी डाळमिलमध्ये कट्टे उचलतो, चाळणीवर उभा राहतो, आणि रात्री नाकातली तुरीची धूळ शिंकरून कविता लिहितो. शाळा अर्धवट. वाचलं ते विहारातल्या कपाटातलं आणि दोस्तांकडून मागून आणलेलं. त्यामुळं माझ्या भाषेला इस्त्री नाही. ज्यांना इस्त्री लागते त्यांनी इथंच पान उलटावं.

आपल्या पोरांना रॅप सापडलाय. २०१९ साली 'गली बॉय' आला आणि खेड्यातलं पोट्टंही मोबाइलवर बीट लावून शब्द फेकायला लागलं. सिनेमाच्या आधीपासून धारावीतली पोरं हे करत होती. आपल्या वऱ्हाडात अमरावतीचा विपिन तातड वस्तीचं जगणं रॅपमध्ये मांडतो. मला याचा आनंद आहे. भरपूर आहे. कवितेत जे दुःख लाजत लाजत येतं ते रॅपमध्ये छाती काढून येतं.

जुने कार्यकर्ते नाक मुरडतात. हे अमेरिकेचं खूळ म्हणतात. त्यांनी जरा ऐकून घ्यावं. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्क शहरातला ब्राँक्स भाग. काळ्यांची, पोर्तोरिकोकडून आलेल्यांची गरीब वस्ती. वस्तीच्या छातीवरून महामार्ग काढलेला, इमारती जळत होत्या, विझवणारं कुणी नव्हतं. तिथं सेजविक ॲव्हेन्यूवर १५२० नंबरच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाची पोरगी राहायची. तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तिनं इमारतीतल्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. पोरींना २५ सेंट, पोरांना ५० सेंट तिकीट. भावाला रेकॉर्डं वाजवायला बसवलं. त्या रात्रीपासून हिपहॉपचा जन्म मोजतात. भाऊ डीजे कूल हर्क म्हणून जगभर झाला. बहीण कुणाला ठाऊक आहे? जिनं जागा ठरवली, तिकीट लावलं, पैसा उभा केला, तिचं नाव शोधावं लागतं.

त्याच्या वर्षभर आधी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा नातं जुनं आहे, उगाच फॅड म्हणून नका. पण रोगही तोच आहे. पँथरच्या सभांच्या फोटोंत स्टेजवरच्या बाया मोजून पाहा. पँथरच्या घरातल्या बाईनं, मल्लिका अमरशेखनं, १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी ते हातात धरलंय? फलटणच्या बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं' लिहून कित्येक वर्षं नवऱ्याच्या नजरेआड ठेवलं. आपल्या बाया लिहीत नाहीत हे खोटं आहे. त्या लिहितात आणि लपवतात. लपवायला लागतं ते कुणामुळं, हे मी सांगायचं का?

कुणी म्हणेल, बाई तर असतेच ना बाप्पा आपल्या स्टेजवर. असते. विदर्भात गायक-गायिकेचा सामना जुनाच आहे. तो सवाल टाकणार, ती जवाब देणार, रात्र चढत जाणार. आजची पोरं ज्याला रॅप बॅटल म्हणतात ते आपल्या मंडपात बापजाद्यांनी ऐकलेलं आहे. पण त्या बाईला आपण कसं ऐकतो? ती बाबासाहेबांवर गात असते आणि समोरून पिऊन आलेला एक जण नोट घेऊन स्टेजवर चढतो. नोट तिच्या डोक्यावरून ओवाळतो. गाणं भीमाचं आणि नजर फडावरची! आणि ती गाते ते शब्द बहुतेक वेळा पुरुषाचे. कडुबाई खरात एकतारी घेऊन गात होत्या. त्या कोणत्या उत्सव समितीमुळं घराघरात पोचल्या? त्यांना मोबाइलवर लोकांनी शोधलं. समित्या नंतर हार घेऊन गेल्या.

एका जयंतीची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, आपलंच समजा. मी पाहुणा होतो. बारावीतली एक पोरगी वही घेऊन आली होती. तिनं रॅप लिहिला होता. एकाच वावरात, एकाच दिवशी, बापाला चारशे आणि मायला अडीचशे काऊन, यावर. सोयाबीनच्या सोंगणीतले शब्द, हातातल्या विळ्याचा ठेका. संध्याकाळी सातलाच तिनं नाव दिलं. समितीवाला म्हणाला, "घेऊ ना बाई, घेऊ, शेवटी घेऊ."

मग पाहुण्यांचे सत्कार झाले. ज्यांनी वस्तीला पाण्याची टाकी दिली नाही त्यांचेही झाले. मग भाषणं. मग दोन पोरांनी रॅप केला. ठेका झकास, आवाज तगडा, आणि शब्द काय? दुसऱ्या पोराला खाली पाडायचं म्हणून त्याला बाईल्या म्हटलं, बांगड्या भर म्हटलं, त्याच्या बहिणीवर गेले. मागं बाबासाहेबांचा फोटो. त्या फोटोसमोर आयाबाया बसलेल्या, ज्यांच्या पाचशे-पाचशेवर तो बॉक्स वाजत होता. टाळ्या पडल्या. मग डीजे. रात्री बारा वाजता पोलिसांची गाडी आली आणि माइक बंद झाला. पोरगी वही छातीशी धरून खुर्च्यांच्या कडेला उभीच. "पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझंच," समितीवाला म्हणाला. बारा वाजेपर्यंत पोट्ट्यांत उभी राहिली म्हणून घरी बोलणी तिनंच खाल्ली.

भोंग्याचा नियम सगळ्यांना पाठ आहे. २००० सालापासून रात्री दहाला बंद, सवलतीच्या दिवशी बाराला. म्हणजे शेवटचं नाव कापलं जाणार हे समितीला संध्याकाळीच ठाऊक असतं. बाईला "नाही" म्हणायची ही आपली सभ्य पद्धत आहे. बामण निदान तोंडावर नाही म्हणायचा.

एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं मला बाबासाहेबांचाच दाखला दिला. म्हणाले, बाबासाहेबांनी आपल्या बायांना नाचगाण्यातून बाहेर काढलं आणि तू त्यांना परत स्टेजवर चढवतो? दाखला खरा आहे. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासींसमोर बाबासाहेबांनी ते जिणं सोडायला सांगितलं. का सांगितलं? पवळा आपली. पठ्ठे बापूरावांच्या फडात तिनं महाराष्ट्र हलवला. विठाबाई नारायणगावकर पोटुशी असताना नाचल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. या बायांची कला कुणी नाकारत नाही. पण पैसा टाकणारा जो होता त्याला बाईच्या कलेशी देणंघेणं नव्हतं, त्याला जातीनं स्वस्त केलेलं अंग पाहिजे होतं. तो बाजार सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. आवाज सोडा असं कुठं सांगितलं?

उलट २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. समोर हजारो बाया, आणि त्यांच्यासमोर बाबासाहेब बोलले. त्या परिषदेनं घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वावर बंदी मागितली, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा मागितली. मी मिलमध्ये काम करतो म्हणून हे मला जास्त लागतं. आमच्या चाळणीवरच्या बायांना १९४२ साली मागितलेली रजा अजून मिळायची आहे. म्हातारबुवांना मी एवढंच म्हणालो, बाबासाहेबांचं १९३६ पाठ आहे तसं १९४२ पण पाठ करा.

आता अवघड गोष्ट काढतो. आपल्या जलशांत बाई नव्हती. भीमराव कर्डकांच्या काळापासून पुरुषच लुगडं नेसून बाई व्हायचे, आणि त्यांनी समाज जागा केला, त्याबद्दल त्यांच्या पाया पडलो तरी कमी. पण बघा, तेव्हा पुरुष लुगड्यात आला ते प्रबोधन होतं. आज तृतीयपंथी स्वतःच्या लुगड्यात विहाराच्या पायरीशी आली तर पोट्टे शिट्ट्या मारतात. मिरवणुकीत डीजेसमोर नाचायला ती चालते. माइक मागितला तर मंडळाची अब्रू जाते.

आपल्या मोर्च्यांचं काय? तहसीलदार ऐकत नाही, मग त्याला बांगड्यांचा आहेर. आपणच देतो, घोषणा देत देत देतो. पाठीमागं बांगड्या भरलेल्या हातांनी निळा झेंडा धरलेला असतो. त्या हातांना आपण काय सांगतो?

बाहेरचे काही कमी नाहीत. २०१६ साली मुंबईत तृतीयपंथीयांचा सिक्स पॅक बँड निघाला. त्यामागं चहाची कंपनी होती. फ्रान्सातल्या कान गावी जाहिरातींच्या मेळ्यात त्याला मोठं बक्षीस मिळालं. गाणाऱ्यांना दिसायला मिळालं हे चांगलंच. पण जागा कंपनीची. कंपनीचं मन भरलं की जागा उठते. आपल्याजवळ कंपनी नाही, पण विहार आहे. गावोगावी आहे. आपल्याच घामाचा आहे. दिशा पिंकी शेख कविता करते, 'कुरूप' नावानं तिचं पुस्तक आहे, राजकारणात उभी राहून बोलते. तिला सभेत बोलावणारे आपणच आहोत, मग आपल्या बाजारगावात टाळी वाजवून पैसे मागणारीला वहीपेन कोण देणार? सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना कायद्यानं माणूस म्हणून जागा दिली तो दिवस १५ एप्रिल २०१४. चौदा एप्रिलचा मंडप सोडायचा दिवस. आपल्या किती मंडळांना ही तारीख ठाऊक आहे?

मुंबईच्या पोरींनी रस्ता काढलाय. वाइल्ड वाइल्ड वुमन नावाचा त्यांचा गट कोरोनाच्या आगेमागे उभा राहिला. रॅप करणाऱ्या, ब्रेकडान्स करणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या, वेगवेगळ्या भाषांच्या पोरी. हिपहॉपमध्ये सायफर म्हणतात ते म्हणजे रिंगण. गोल उभं राहायचं, एक आत येतो, बोलतो, बाहेर जातो, दुसरा येतो. स्टेज नाही, अध्यक्ष नाही, सत्कार नाही. लोकशाहीला याच्यापेक्षा सोपी जागा मी पाहिली नाही. पण पोरांच्या रिंगणात पोरीची पाळी येईपर्यंत बीट संपते. म्हणून या पोरींनी रिंगणच आपलं केलं. तिकडं माही जी, महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, 'जंगलचा राजा'मधून आदिवासीचं जंगल मांडते आणि तृतीयपंथीयांच्या हक्कावरही रॅप करते. हे सगळं पुण्या-मुंबईत होऊ शकतं आणि रिसोड तालुक्यात होऊ शकत नाही, असं कोणत्या पुराणात लिहिलंय?

"आधी जातीचा प्रश्न, मग हे बायांचं पाहू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. खैरलांजीत २००६ साली जात कुणाच्या अंगावर उतरली ते एकदा आठवा आणि मग माझ्यासमोर आधी-मग करा.

"पोरी येतच नाहीत" म्हणणाऱ्यांना विचारतो, तुम्ही बोलावता कुठं, किती वाजता, आणि घरी सोडतं कोण?

तेव्हा मागणी अशी आहे. पौर्णिमेला बाया विहारात वंदनेला येतातच. वंदना झाली की तासभर रिंगण करा. ढोलकी असली तर ढोलकी, नसली तर मोबाइलची बीट, तेही नसलं तर टाळ्या. आत कोण येणार हे महिला मंडळानं ठरवावं. तृतीयपंथीयांना निरोप घेऊन माणूस पाठवा, चिठ्ठी नको. आपण पोरांनी सतरंजी टाकावी, पाणी भरावं, दारात उभं राहून पिऊन येणाऱ्याला परत लावावं आणि तोंड बंद ठेवावं. रॅप ओव्या झाला तर होऊ द्या. शिवी आली तर येऊ द्या. विद्रोहाला शिवी लागते हे आपणच शिकवलंय, फक्त ती आजवर खालच्या अंगाला गेली. त्यांना कुणाला द्यायची ते त्यांना चांगलं कळतं.

आणि जयंतीला रात्री आठ ते साडेनऊ माइक त्यांचा. शेवटी नाही. आठ ते साडेनऊ. सत्कार ज्यांना घ्यायचे त्यांनी अकराला घ्यावेत, पोलिसांची गाडी आली तर त्यांचे राहतील. ओवाळणीच्या नोटा बंद. गाणारीला मानधन पाकिटात, आणि त्याची नोंद वहीत. खजिनदार बाई पाहिजे, कारण पैसा तिचा आहे. लांबून आलेल्यांसाठी ऑटोचं भाडं आधीच बाजूला काढा. संडासाची सोय मंडपाच्या आधी बघा. हसू नका, गायिकांना विचारा, त्या कुठं जातात.

मार्चात समितीची बैठक बसेल. तिथं पहिल्यांदा कुणी हे काढलं की लोक हसतील, दुसऱ्यांदा चिडतील. काढत राहा. आणि साउंडवाल्याला सांगून ठेवा, माइकचा स्टँड खाली घे म्हणावं. तो सवयीनं पुरुषाच्या तोंडाच्या मापानं बांधतो आणि पोरींना टाचा उंचावून बोलावं लागतं.