मुलाखत मैदानावर घ्या

कॉलेजच्या कबड्डी संघाला नवा प्रशिक्षक नेमायचाय, अशी कुणकुण लागली की सांगोल्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर आठवड्याभरात चार नावं तयार होतात. एक राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला, एक पोलीस खात्यातला, एक कोणाचा तरी भाचा आणि चौथा नाव नसलेला, ‘पुण्याहून चांगला माणूस आणू’ या सदरातला. यांतल्या एकालाही शिकवताना कुणी पाहिलेलं नसतं. खेळताना पाहिलेलं असतं, सत्कार घेताना तर हमखास. पुढे निवड समिती बसते, फाईल उघडते, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स मोजते आणि वीस मिनिटांत उठते. माझं भांडण या पद्धतीशी आहे.

पहिला युक्तिवाद असा की, स्वतः मोठा खेळला तोच मोठे खेळाडू घडवणार. ऐकायला बिनतोड आहे. पण रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा सामना खेळले तो एकच. कारकिर्दीच्या तक्त्यावर निवड झाली असती तर शिवाजी पार्कच्या नेटपर्यंत त्यांना कुणी पोहोचू दिलं नसतं, आणि सचिन तेंडुलकरला शारदाश्रमात घाला म्हणून सांगणारंही कुणी उरलं नसतं. कबड्डीतलं उदाहरण तर जिव्हारी लागण्यासारखं आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी आयुष्यभर मुली घडवल्या. भारतीय महिला संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, ती संधी काही आली नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. तिथे फारसी शिकल्या, मुलींना योगासनं आणि प्राणायामाची सवय लावली. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी आली २०१० मध्ये. तेव्हाचं आणि २०१४चं, दोन्ही सुवर्णपदकं भारताची. २०१८ मध्ये जाकार्तात अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं, तेव्हा समोरच्या बाकावर नाशिकच्या बाई होत्या. आपण निवडलं नाही तो माणूस कुठे जाऊन बसतो, हे तरी निवड समित्यांनी लक्षात ठेवावं.

मोठ्या खेळाडूला दारातूनच परत लावा, असं मी म्हणत नाही. २०२४च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचं विजेतेपद पटकावलं, तेव्हा प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, आणि ते स्वतः भारताकडून खेळलेले. पण खेळणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीचं प्रमाणपत्र दुसरीसाठी चालवून घेणं ही फसगत आहे, आणि ती आपण हौसेने करून घेतो.

शिकवणं म्हणजे काय, ते मैदानाच्या कडेला तासभर उभं राहिलं की कळतं. डाव्या कोपऱ्यावरचं पोरगं घोट्याची पकड करायला जातं आणि दर वेळी अर्धा क्षण आधी झेपावतं. चढाईपटू पाय काढून घेतो, पोरगं तोंडावर आपटतं, कोपराची सालं निघतात. एक प्रशिक्षक ओरडतो, “अरे धर की! झोपलास काय?” पुढच्या चढाईला पोरगं घाबरून उशीर करतं आणि पुन्हा शिवी खातं. दुसरा सराव थांबवतो. चढाईपटूला म्हणतो, तू सावकाश ये. कोपऱ्याला म्हणतो, त्याचे हात बघू नको, हात फसवतात. त्याची कंबर कुठे वळते ते बघ, वजन पुढच्या पायावर पडल्याशिवाय हलू नको. दहा वेळा सावकाश, मग दहा वेळा वेगात. अकराव्याला घोटा हातात येतो. हा दुसरा माणूस किती राष्ट्रीय स्पर्धा खेळला, याने काय फरक पडतो? उलट ज्याची पकड उपजतच बसलेली असते, त्याला ती उलगडून सांगताना अनेकदा नाकी नऊ येतात. चुकत चुकत शिकलेल्या मधल्या फळीच्या खेळाडूला चूक कुठे होते हे नेमकं ठाऊक असतं.

दुसरा पक्ष कागदवाल्यांचा. शारीरिक शिक्षण संचालक आहेतच, त्यांची पात्रता पक्की आहे, मग वेगळा प्रशिक्षक कशाला? संचालकांबद्दल मला आदर आहे, आणि थोडी कीवही. एकच माणूस कबड्डी, खो-खो, मैदानी खेळ, बुद्धिबळ बघणार, वर नॅकच्या फाईलसाठी पदकांचे तक्ते भरणार. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत या पदासाठी पदव्युत्तर पदवी आहे, नेट-सेट आहे, शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १,८०० मीटर अंतर काटायचं. म्हणजे उमेदवाराचे पाय तपासण्याची सोय झाली. त्याची नजर कशी तपासायची, याचं कलम काही मला सापडलं नाही.

घरचा की बाहेरचा, हा वाद मात्र आपल्याकडे निवडणुकीच्या जोशात चालतो. बाहेरचा शिस्त लावतो म्हणे, आणि घरच्याला पोरांची जाण असते म्हणे. विदर्भाच्या क्रिकेटकडे बघा. रणजी करंडक त्यांनी पहिल्यांदा जिंकला २०१७-१८ मध्ये आणि लगेच पुढच्या हंगामात पुन्हा. प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित. तिसऱ्यांदा जिंकला २०२४-२५ मध्ये, तेव्हा प्रशिक्षक घरचे उस्मान घनी. मधल्या काळात पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२२च्या अंतिम सामन्यात त्यांनी चक्क मुंबईलाच हरवलं. आता यावरून घरचा श्रेष्ठ की बाहेरचा, ते कुणीही ठरवून दाखवावं.

सांगोल्यात खरा प्रश्न वेगळा आहे. येणाऱ्याला हा तालुका वाचता येईल का? इथली निम्मी पोरं एसटीने ये-जा करतात. सराव संध्याकाळी लांबला आणि गाडी गेली, तर पोरगं दुसऱ्या दिवशी येत नाही. पोरगी असेल तर तिसऱ्या दिवशीही येत नाही, कारण घरून बंदी येते. घरी डाळिंबाची बाग असते. पानगळ झाली, कळी निघाली, फवारणीची घाई उठली की बाप फोन करतो आणि तुमचा उजवा कोपरा चार दिवस बागेत असतो. तेल्या पडला तर त्याहून जास्त. शिवाय पोलीस भरती. जाहिरात निघाली की अर्धा संघ १,६०० मीटरच्या तयारीला भरती अकादमीत पळतो, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घरात पगार येणार असेल तर चढाईचे गुण कोण मोजतं? यावर ‘शिस्त नाही’ म्हणून चिडणारा प्रशिक्षक इथे हंगामभरही टिकत नाही. सराव पहाटे घेणारा, भरतीवाल्या पोरांच्या धावण्याचा संघाच्या दमासाठी उपयोग करून घेणारा, बागेत जाऊन बापाशी बोलणारा टिकतो. तो कडलासचा असो की कोल्हापूरचा.

चौथा पक्ष सगळ्यांत लोकप्रिय: एका वर्षात विद्यापीठाचं पदक आणा, नाहीतर नारळ. या मंडळींनी जरा अमेरिकेकडे बघावं. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्रशिक्षक बदलणं हा स्वतंत्र धंदाच होऊन बसलाय. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये जिंबो फिशर यांना मुदतीआधी घरी पाठवलं आणि करार मोडल्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम डोक्यावर घेतली. त्याच अमेरिकेत अलाबामाने निक सेबन यांना आणलं, तर २००७च्या पहिल्या हंगामात संघ तेरापैकी सहा सामने हरला, त्यात एक लुइझियाना-मनरोसारख्या दुबळ्या संघाकडून. टपरीवरच्या न्यायाने सेबन यांची गच्छंती ठरलेलीच होती. अलाबामाने त्यांना ठेवलं. जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले, तोवर तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं आली होती. खरं तर सांगोल्याला हे अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. गणपतराव देशमुखांना या तालुक्याने अकरा वेळा विधानसभेत पाठवलं आणि मध्ये दोनदा पाडलंही. माणूस कधी राखायचा, हिशेब कधी मागायचा, हे इथल्या मतदाराला कळतं. तोच मतदार कॉलेजच्या कमिटीत बसला की त्याला एकदम घाई का सुटते?

मग निवडायचं कसं? उमेदवाराला ऑफिसात बोलावूच नका. आपल्याच पोरांचा दोन संध्याकाळ सराव घ्यायला सांगा आणि समितीने खुर्च्या न मागवता कडेला उभं राहावं. पहिल्या सातांकडे तो किती वेळ देतो आणि बाकावरच्या पाचांकडे किती, ते बघा. मातीवर खेळणाऱ्या पोराला मॅटवर उतरवायचं तर काय बदलावं लागतं, हे तो दाखवतो की नुसतं बोलतो, ते बघा. दुसऱ्या दिवशी किती पोरं परत आली, ते मोजा. जुन्या संघातला कप्तान आता काय करतो, हे त्याला विचारू नका, ते तो सांगेलच. दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या पोराचं काय झालं ते विचारा. नाव आठवलं नाही तर पुढचा उमेदवार बोलवा. मुलींच्या संघासाठी अर्ज मागवताना बाईंचा अर्ज येईल असं गृहीत धरा, आणि निवडीच्या वेळी संघातल्या दोन मुलींचं मत बंद खोलीत, एकट्याने ऐका. त्यांना जे ठाऊक असतं ते एकाही प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं.

आणि नेमला की तीन हंगाम द्या, लेखी. ‘एवढे पैसे कुठून आणायचे’ असं विचारणाऱ्यांनी गेल्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाचं, पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांचं आणि फ्लेक्सचं बिल काढून बघावं. आज स्पर्धेच्या तोंडावर महिनाभर बोलवायचं, मानधन मार्च अखेरीला, तेही संघ जिंकला तर, असा रिवाज अनेक ठिकाणी आहे. वर्षभर बारमाही, दर महिन्याच्या पाच तारखेला पगार आणि एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे सरावाची वेळ ठरवायची पूर्ण मुभा, एवढं जाहिरातीत छापा. मग अर्ज कोणाचे येतात ते बघू.