तोडणीच्या पाळीचा तक्ता थेट नोंदीतून निघावा



गव्हाणीत मोळी पडली की शेतकी खात्यात एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतो. "साहेब, लागण माझी आधीची, मग टोळी शेजाऱ्याच्या फडात कशी गेली?" प्रश्न रास्त आहे. पाळी लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटते, रान मोकळे होत नाही. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात मे-जूनपर्यंत ऊस उभा राहिला, तेव्हा काय हाल झाले ते कुणी विसरलेले नाही.

त्यानंतर २०२२ साली साखर आयुक्तालयाने महा-ऊस नोंदणीचे मोबाईल अ‍ॅप काढले. कारखान्यांच्या नोंदीही आता संगणकात असतात. म्हणजे नोंद चोख झाली. घोळ होतो तो पुढे. ही नोंद बाहेर काढून कुणीतरी एक्सेलमध्ये चिकटवतो, क्रम लावतो, रकाने रुंद करतो आणि छापून गट ऑफिसला पाठवतो. या वाटेत काय काय होते बघा. सगळा तक्ता न धरता एकच रकाना क्रमाने लावला, की नाव एकाचे आणि गट नंबर दुसऱ्याचा. एखादी ओळ उचलून वर ठेवली, तर मागाहून ओळखूही येत नाही. ती चुकून गेली की मुद्दाम, हे कोण सांगणार? संशय मात्र चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांवर येतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पाळीचा तक्ता रोज रात्री प्रोग्रॅमनेच तयार करावा, आणि ज्या मशीनवर तो तयार होईल तिथे एक्सेल बसवूच नये.

यावर लोक विचारतात की, एक्सेल नसताना एक्सेलची फाईल निघेल कशी? निघते. ही फाईल म्हणजे एक बांधलेले गाठोडे असते. आजकालच्या एक्सएलएसएक्स फाईलच्या नावाची शेपटी बदलून झिप केली तर गाठोडे सुटते आणि आत साध्या मजकुराच्या चिठ्ठ्या दिसतात. एका चिठ्ठीत पानांची नावे, दुसरीत अक्षरांची ठेवण, तिसरीत कोणत्या घरात कोणता आकडा. या चिठ्ठ्या कशा लिहायच्या याचे नियम २००६ साली जाहीर झाले आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. तेव्हा नियम पाळून कुणीही गाठोडे बांधावे. पायथॉन भाषेत ओपनपायएक्सएल, जावात अपाची पीओआय अशी हत्यारे फुकट मिळतात. उलट माणूस नसलेल्या मशीनवर एक्सेल चालवू नका, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टच देते. कारण मध्येच एखादी चौकट उघडते, 'होय की नाही' विचारते, आणि बटण दाबायला तिथे कुणी नसते! रात्रभर काम अडून राहते.

पाळीपेक्षाही नाजूक जागा आहे ऊसबिलाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. बँकेला जाणारी यादी पुष्कळदा स्वल्पविरामाच्या साध्या फाईलने देतात. ती एक्सेलमध्ये उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. एक्सेल आकडा १५ अंकांपर्यंतच नीट धरते, म्हणून १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. मग पैसे परत येतात नाहीतर अडकतात, आणि सभासद बँकेच्या पायऱ्या झिजवतो. प्रोग्रॅमने फाईल लिहिताना हा रकाना 'अक्षरे' म्हणून लिहिता येतो. मग शून्य हलत नाही. आपली देवनागरी नावेही जशीच्या तशी उतरतात.

एक खबरदारी मात्र हवी. असा प्रोग्रॅम बेरजेचे सूत्र लिहितो, पण सहसा बेरीज करीत नाही. ती फाईल उघडल्यावर एक्सेल करते. मोबाईलवर नुसती डोकावून पाहिली तर बेरजेच्या जागी शून्य किंवा रिकामे घर दिसू शकते. सभासद बहुतेक मोबाईलवरच बघणार, तेव्हा बेरीज आधी करून आकडाच लिहावा.

हे काम फार मोठे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्याच शेतकऱ्यांची पोरं असल्या ठिकाणी शिकतात. त्यांच्यातल्या दोघांना सुट्टीत बोलावून, मानधन देऊन काम सांगावे. महागडे पॅकेज घेण्याआधी एवढे तरी करून बघावे, असे आम्हांस वाटते.

काही जण म्हणतील, प्रोग्रॅमही माणूसच लिहितो, तो हवी तशी पाळी लावील. खरे आहे. यंत्राला जात-नाते कळत नाही, पण लिहिणाऱ्याला कळते. म्हणूनच नियम आधी मराठीत लिहून गट ऑफिसच्या फळ्यावर लागले पाहिजेत: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा यांचा क्रम, लागणीची तारीख, जात, ब्रिक्स तपासणी. जळीत ऊस किंवा पाण्याअभावी वाळणारा फड आधी घ्यावा लागतो. तो अधिकार शेतकी खात्याकडे राहू द्या, पण अशी प्रत्येक ओळ तक्त्यात वेगळ्या रंगात आणि कारणासह उमटावी.

एक नियम सभासदांनीच ठरवायचा आहे. एकाच तारखेची, एकाच जातीची लागण असेल तर आधी कोण? रस्त्याकडेचा फड आधी घेतला तर वाहतूक सोपी, हे आम्हीही जाणतो. तरी आमचे मत कमी क्षेत्रवाल्याच्या बाजूने आहे. त्याच्या एका एकराचे वजन घटले तर भरून काढायला त्याच्याकडे दुसरे रान नसते. वार्षिक सभेत यावर बोलावे, विरोधात असाल तर तसेही बोलावे.