लॉनवर औषध मारण्याआधी



पाऊस सुरू झाला की अंगणातल्या लॉनची तक्रार घरोघरी ऐकू येते. एकीकडे तण माजलेलं, दुसरीकडे गवत वाळून पिवळं पडलेलं. माळी म्हणतो, "काकू, औषध मारू या." आणि आपण लगेच पैसे काढून देतो. मला हे पटत नाही. श्रावकाच्या 12 व्रतांत अनर्थदंड विरमण व्रत आहे. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं त्यात वर्ज्य सांगितलंय. संसारात एकेंद्रिय जीवांची हिंसा पूर्ण टळत नाही, हे मान्यच आहे. पण कारण न शोधता ओतलेल्या विषात गांडूळ, मुंग्या असे त्रस जीवही सापडतात, आणि रोग तसाच राहतो.

म्हणून आधी गवत का वाळलं ते बघा. डाग झाडाखाली किंवा भिंतीलगत असेल तर ऊन कमी पडतंय. हरळीच्या जातीच्या गवताला भरपूर ऊन लागतं. तिथे पुन्हा पुन्हा गवत लावू नका, सरळ फरशी घाला किंवा सावलीतल्या कुंड्या ठेवा. उन्हातला डाग असेल तर मातीत स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. तो शिरत नसेल तर माती दबलीय, पाणी मुळापर्यंत जातच नाही. सगळं लॉन पिवळट दिसत असेल तर कापणी फार खालून होतेय. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. मधे वाळलेला गोल आणि कडेला गर्द हिरवी कड दिसली, तर ते कुत्र्याच्या मूत्राचं काम. भरपूर पाणी ओतलं की पुरे.

मूठभर गवत ओढल्यावर ते चटईसारखं उचललं गेलं, तर हुमणीची अळी मुळं खातेय. हिच्यासाठी माझा उपाय आधीच करायचा आहे. वळवाचे पहिले पाऊस पडले की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात आणि दिव्याकडे येतात. त्या दिवसांत अंगणातले दिवे बंद ठेवा. कच्चं शेणखत टाकू नका, पूर्ण कुजलेलंच वापरा. अळी झालीच नाही तर मारण्याचा प्रश्नच येत नाही.

आता तण. विरळ गवतात घोळ, आंबुशी, दुधी शिरतात. गवत दाट असेल तर त्यांना जागाच मिळत नाही. लव्हाळा मात्र हट्टी. त्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. नुसती पानं उपटली की जमिनीतल्या गाठीतून तो पुन्हा येतो. दर आठवड्याला असं उपटणं म्हणजे हिंसा वाढतेय आणि उपयोग शून्य. पावसाने माती मऊ असताना, रोप कोवळं असतानाच खुरप्याने गाठीसकट काढा. बी धरण्याआधी काढलेलं एक तण पुढची कितीतरी रोपं उपटण्यापासून आपल्याला वाचवतं. आणि ग्लायफोसेट मागवण्याआधी लक्षात ठेवा, ते तण आणि लॉन असा भेद करत नाही.

पाणी साचून शेवाळ धरतं, तिथे तर अनंत जीव. त्यामुळे निचऱ्याची चर चातुर्मास लागण्याआधीच काढून घ्या. एरवी पाणी रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, सकाळी लवकर, मुळापर्यंत पोचेल असं द्या.

एवढं करूनही एखाद्या कोपऱ्यात लॉन जगत नसेल, तर तिथे ते नसावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारणीकडे आहे म्हणून विष आणि पाणी ओतून हिरवा रंग टिकवण्यात कसली शोभा? जयणा फक्त स्वयंपाकघरात आणि पाणी गाळण्यात नसते. ती उंबरठ्याबाहेरही पाळायची असते.