सस्पेन्स खात्यातले संगीत

२०२५ च्या उन्हाळ्यात 'द वेल्वेट सनडाउन' नावाच्या एका रॉक बँडचा एकाएकी बोलबाला झाला. स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते. गाणी १९७० च्या दशकातल्या रॉकच्या वळणाची. मग उघड झाले की बँडमधली माणसेच खोटी आहेत. गाणी, आवाज, छायाचित्रे सारे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने घडवलेले.

लबाडीवर पुष्कळ लिहून झाले. मला प्रश्न पडला तो वेगळाच. एखाद्या संगीतप्रकाराची व्याख्या इतकी पक्की होते की यंत्रालाही ती भरता येते, तेव्हा त्या प्रकारात शिल्लक काय राहिलेले असते?

माझी उमेद बँकेत गेली. ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती तात्पुरती 'सस्पेन्स'मध्ये टाकायची आणि खुलासा झाला की योग्य खात्यात वळती करायची, असा आमचा शिरस्ता. रॉकमधले प्रत्येक नवे वळण असेच आधी सस्पेन्समध्ये पडून असते.

हेवी मेटलचे उदाहरण घ्या. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची बोटे नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. त्यातून 'ब्लॅक सबाथ'चा तो जड, काळोखा नाद आला. १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली. नाव रुळले ते नंतर. आधी जखम, मग नाद, मग नाव, असा तो क्रम आहे.

पण सस्पेन्समधली रक्कम वळती कोण करतो, हा प्रश्न साधा नाही. अमेरिकेत काळ्या कलावंतांच्या तबकड्या कित्येक वर्षे 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या फळीवर विकल्या जात. १९४९ साली 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. १९५१ पासून क्लीव्हलँडच्या रेडिओवर अॅलन फ्रीड हेच संगीत गोऱ्या पोरांनाही ऐकवू लागला आणि त्याला 'रॉक अँड रोल' म्हणू लागला. माल बराचसा तोच होता. पाटी बदलली तसे गिऱ्हाईक बदलले आणि नफ्याचे धनीही बदलले. १९४० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवर भक्तिगीते गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प 'गॉस्पेल'च्या खात्यातच राहिल्या. १९७३ साली त्या वारल्या. रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले २०१८ साली. चुकीच्या खात्यात पडलेली नोंद दुरुस्त व्हायला एवढा काळ लागला.

शहाण्यांनाही ही विभागणी साधत नाही. १९८९ साली ग्रॅमीने हार्ड रॉक व मेटल मिळून प्रथमच एक पारितोषिक ठेवले. ते गेले बासरीबद्दल प्रसिद्ध असलेल्या 'जेथ्रो टल'कडे. 'मेटॅलिका' बघत राहिली. पुढच्याच वर्षी एका खात्याची दोन झाली. २०१२ साली पुन्हा एक, २०१४ साली मेटल पुन्हा वेगळे! आमच्या हेड ऑफिसची परिपत्रके आठवली.

नावे नकोत, असे मी म्हणणार नाही. नावाशिवाय दुकान चालत नाही आणि जिज्ञासू श्रोत्याला वाटही सापडत नाही. मात्र आज क्रम उलटा होऊ पाहतो आहे. आधी पाटी ठरते, मग तिला शोभेल असा माल यंत्राकडून मागवला जातो. यंत्र जुन्या खात्यांत बिनचूक नोंदी करील. पण ज्याला खातेच नाही अशी रक्कम ते कुठून आणणार? ती आणायला कुणा आयोमीची तुटलेली बोटेच लागतात.

हिशेब चोख राहावा हे खरे. पण ज्या दिवशी सस्पेन्स खाते कायमचे निरंक होईल, त्या दिवशी संगीताची पेढी बंद झाली असे खुशाल समजावे.