घरचे आरोग्य : भाकरी सोडण्यापूर्वी

वजनाची चिंता वाटू लागली, की मनुष्य प्रथम ज्या पदार्थावर रुसतो तो बहुधा ताटातला सर्वांत साधा पदार्थ असतो. फरसाणाचा डबा फडताळात सुखाने नांदत राहतो, चहातली साखर तशीच राहते. आणि जिने पिढ्यान्‌पिढ्या घर पोसले ती भाकरी किंवा पोळी मात्र एके दिवशी ताटातून हद्दपार होते. या खेपेच्या सदरात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे आणि त्याला निमित्त आमच्या घरातलेच आहे.

गेल्या दिवाळीत मी ताईकडे हैदराबादला गेले होते. ताईचे माहेर, म्हणजे आमचे घर, सोलापूरकडचे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. हैदराबादेतही ती काही परक्या मुलखात गेली नव्हती, कारण तेथे ज्वारीच्या भाकरीला 'जोन्न रोट्टे' म्हणतात आणि ती आवडीने खातात. असे असूनही ताईच्या घरात त्या दिवसांत भाकरी थापल्याचा आवाज ऐकू आला नाही. चौकशी करता कळले, की तीन महिन्यांपूर्वी तिने भाकरी, पोळी आणि भात असे सर्व 'धान्य' सोडले होते. आमच्या वडिलांना मधुमेह होता. आपले वय शेहेचाळीस, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो. तेव्हा आपणही त्याच वाटेने जाणार, या भीतीने तिने हा निर्णय घेतला होता.

भीती निराधार नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण आहेत, आणि कमरेभोवती साठणाऱ्या चरबीचा या रोगाशी निकटचा संबंध आहे. परंतु उपाय? दुपारी काकडी आणि ताक एवढ्यावर ताई उठत असे. चार वाजता तिचे हातपाय गळत. मग दोन कप गोड चहा आणि त्याबरोबर उस्मानिया बिस्किटे, पाच-सहा तरी. रात्री पुन्हा भाकरीवाचून जेवण, आणि दहाच्या सुमारास भूक आवरेनाशी झाली की चिवड्याची मूठ. पहिल्या महिन्यात दोन किलो वजन उतरले आणि तिसऱ्या महिन्यात ते गुपचूप परत आले. जिना चढताना धाप लागू लागली ती वेगळीच.

मला खरा धक्का बसला तो भाचीच्या बोलण्याने. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, अंगाने किरकोळ. ताईने तिला वाढू लागताच तिने ताट मागे सारले आणि मला म्हणाली, "मावशी, आई स्वतः जेवत नाही, मग मलाच का आग्रह?" ताई काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. पण दुसऱ्याच दिवशी दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन किमान १२ असावयास हवे. ताईचे ९.४ निघाले, भाचीचे १०.१. भाचीचे वजन अवघे ४३ किलो भरले.

भगिनींनो, हे एकाच घरातले चित्र नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या, शेकडा सुमारे १९ फार कृश आढळल्या, आणि रक्तक्षय मात्र शेकडा ५७ जणींना होता. म्हणजे अंगाने भरलेली स्त्रीही आतून उपाशी असू शकते. वजन हा एक आकडा आहे. आरोग्य त्याहून मोठे आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की आपले वजन खरोखर अधिक आहे काय? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर १८.५ ते २३ यांच्या दरम्यान आले, तर भारतीय प्रौढ व्यक्तीचे वजन योग्य समजावे; २३ च्या पुढे सावध व्हावे, आणि २५ च्या पुढे गेल्यास तो स्थूलपणा समजावा. ताईच्या उंचीला ४५ पासून ५५ किलोपर्यंतचे वजन योग्य ठरते. तिचे उत्तर आले साडेसत्तावीस, आणि भाचीचे सव्वासतरा. याच्या जोडीला टेपने कंबर मोजावी. स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरांच्या आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरांच्या आत असावी. शेजारणीच्या अभिप्रायापेक्षा हा टेप अधिक विश्वासू आहे.

आता भाकरीकडे वळू. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा दोन भाकऱ्या धरल्या, तर त्यांत सुमारे ३३५ उष्मांक, १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम चोथा आणि जवळजवळ ४ मिलिग्रॅम लोह मिळते. तितक्याच मैद्यात उष्मांक थोडे अधिकच, सुमारे ३५०. परंतु चोथा तीन ग्रॅमांहून कमी आणि लोह दोन मिलिग्रॅमांहूनही कमी. मैद्याची बिस्किटे केली, की त्यात साखर आणि तूप-तेल मिसळते आणि शंभर ग्रॅमांचे उष्मांक साडेचारशेच्या वर जातात. ताईने ताटातली भाकरी काढली, पण उष्मांक काढले नाहीत. काढला तो चोथा आणि लोह. चोथ्याचे काम असे, की तो पोट भरल्याची जाणीव टिकवतो आणि रक्तातील साखर एकाएकी चढू देत नाही. तो गेला म्हणूनच चार वाजता बिस्किटांचा डबा उघडत असे.

म्हणून भाकरी सोडण्यापूर्वी एवढेच विचारावे : तिच्या जागी काय येणार आहे?

बाजरीत लोह ज्वारीहून अधिक असते, आणि नाचणीत शंभर ग्रॅमांमागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, ते उगाच नव्हे. ज्यांच्याकडे गव्हाची पोळी मुख्य आहे, त्यांनीही खंत बाळगू नये. कोंड्यासकट दळलेल्या कणकेतही चोथा भरपूर असतो. मात्र ती बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देऊ नये. विकतचा पाव घ्यावयाचाच, तर त्याच्या तपकिरी रंगावर भुलू नये; वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. या यादीत ज्याचे वजन अधिक तो घटक आधी लिहितात. पहिले नाव मैद्याचे असेल, तर रंग कोणताही असो, तो मैद्याचाच पाव होय.

भाकरी नीट जमत नाही, म्हणून ती सोडणाऱ्या तरुण गृहिणीही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थोडे सांगते. गव्हाच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा असतो, तो ज्वारीच्या पिठाला नाही. म्हणून पाणी चांगले कढत घ्यावे. त्याने पिठातील पिष्ट फुलते आणि पीठ बांधले जाते. पीठ ताजे दळलेले असावे. फार दिवसांच्या पिठाची विरी जाते आणि भाकरीच्या कडा चिरतात. एका भाकरीपुरतेच पीठ घेऊन ते परातीत तळहाताच्या टाचेने मऊ होईपर्यंत मळावे. कोरडे पीठ पसरून त्यावर गोळा हलक्या हाताने थापावा. भाकरी तापल्या तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवावी आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकू लागताच भाकरी उलटावी, दुसरी बाजू नीट भाजून द्यावी, आणि मग विस्तवावर धरून फुगवावी. तेलाचा थेंबही लागत नाही. लहान चमचाभर तेल किंवा तूप म्हणजे ४५ उष्मांक, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व पटेल.

मात्र भाकरी घरची आहे, म्हणून ती कितीही खावी असा याचा अर्थ नव्हे. मोजमाप आपल्या भाषेतच आहे : अर्धी, चतकोर. ज्यांना वजन उतरवावयाचे आहे त्यांनी ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर यांना द्यावा, पाव भाग आमटी, उसळ किंवा दह्याला, आणि उरलेला पाव भाग भाकरीला. डाळीची जोड आवश्यकच आहे. धान्याच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते. जेवताना लिंबू पिळावे, त्यामुळे धान्यातील आणि पाल्यातील लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहा तेच लोह अडवतो. याच्या जोडीला आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपाझप चालावे. आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक वजन उतरवण्याची घाई करू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणात कोणताही मोठा फेरबदल वैद्यांच्या सल्ल्यावाचून करू नये. औषध चालू असताना जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

ताईला मी उपदेश केला नाही. परतण्यापूर्वी गिरणीतून ज्वारी दळून आणली आणि भाचीला म्हटले, "चल, तुला थापायला शिकवते." पहिल्या चार भाकऱ्यांचे नकाशे झाले. पाचवी फुगली, तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्या रात्री तिने पालकाच्या भाजीबरोबर एक भाकरी खाल्ली. भाचीने दोन.

डॉक्टरांनी दोघींना लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या त्यांनी नेमाने घेतल्या. केवळ भाकरीने रक्तक्षय बरा होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. सहा महिन्यांनी ताईचे पत्र आले. वजन ६२ किलो, हिमोग्लोबिन ११.८. भाचीचे १२ च्या वर गेले आहे आणि वजन ४६ किलो झाले आहे. बिस्किटांचा डबा अजून घरात आहे, पण तो पाहुण्यांसाठी, असे ताई लिहिते. पत्राच्या शेवटी एक ओळ भाचीच्या अक्षरात आहे : "मावशी, आता आई आणि मी एकत्रच जेवायला बसतो."

वाचकहो, घरातील मुले आपला उपदेश ऐकत नाहीत. ती आपले ताट पाहतात. आई ज्या अन्नाला भिते, त्या अन्नाला मुलगीही भिऊ लागते. म्हणून वजन अवश्य मोजा, कंबर मोजा, भाकरीही मोजून खा. परंतु तिला शत्रू मानू नका, आणि घरातील कोणीही ताटावरून उपाशी उठणार नाही याची काळजी घ्या.