बर्फ न पाहिलेल्याने मत द्यावे काय?

विद्यार्थी मित्रांनो, बर्फाच्या बाबतीत आपला बुलढाणा जिल्हा अगदीच गरीब आहे. आपल्याला बर्फ ठाऊक आहे तो दोनच रूपांत. एक, गोळेवाल्याच्या रंध्यावर किसला जाणारा. आणि दुसरा, अवकाळी पावसात उभ्या हरभऱ्यावर कोसळणारी गार. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेले आहे. विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याचे कौतुकही होते. पण हिम तेथेही पडत नाही. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे तर उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढून बसतो.

अशा आपल्या जिल्ह्यात, फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक सामने चालू असताना, आमच्या ओसरीवर मोबाइलच्या पडद्याभोवती चार-सहा जण जमत असत. त्यांत एक शेतकरी काका, एक किराणा दुकानदार आणि माझे दोन-तीन विद्यार्थी असत. बर्फावर पाय ठेवलेला त्यांत एकही नव्हता. मते मात्र भरपूर! “ह्यात कसब कसले? नुसती घसरगुंडी!” असे दुकानदारांचे म्हणणे. “डोळ्याचे पाते लवायच्या आत पहिला-दुसरा ठरवतात, ते खरे कशावरून?” ही एका विद्यार्थ्याची शंका. काकांचा प्रश्न त्यांच्या शेतीला शोभणारा होता. “हा बर्फ यंत्राने करतात म्हणे. मग पाणी किती लागत असेल हो?”

ही चर्चा ऐकून दहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, ज्याने बर्फ पाहिलाच नाही त्याने मत कशाला द्यावे?”

प्रश्न मार्मिक आहे. माझे उत्तर असे की, मत अवश्य द्यावे. पण दिल्यावर ते तोलून पाहावे. तराजू आपल्या दप्तरातच आहे. नववी-दहावीच्या पुस्तकातले ऊर्जा, घर्षण आणि उष्मा हे धडे म्हणजेच तो तराजू. ओसरीवरची तीन मते आपण त्यात घालू या.

पहिले मत घसरगुंडीचे. पुरुषांच्या ‘डाउनहिल’ शर्यतीत स्की लावलेला खेळाडू डोंगरावरून सरळ खाली येतो. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत ८०० मीटर किंवा त्याहून अधिक फरक असतो. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून बुलढाणा शहरापर्यंतची सगळी चढण एकाच उतारात उभी केली, तरी ती अपुरी पडावी! बीजिंगच्या शर्यतीत स्वित्झर्लंडचा बीट फॉएझ हे अंतर १ मिनिट ४२.६९ सेकंदांत उतरून पहिला आला.

आता हिशेब करू. घर्षण मुळीच नसते तर ८०० मीटर उंचीची सर्व स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलली असती. ह्या हिशेबात वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि वेग येतो सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर! प्रत्यक्षात ह्या शर्यतींत ताशी १३० ते १४० किलोमीटर हा वेगही मोठा मानतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे लक्षात घेतले तर असे दिसते की, मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक-दशांश वेगाच्या रूपाने उरली. बाकीची नऊ-दशांश हवेने आणि हिमाने वाटेत खाल्ली.

खेळाडूचे सारे कसब ह्या नऊ-दशांशात आहे. अंग दुमडून तो हवेला कमीत कमी तोंड देतो. वळणावर स्कीची कड हिमात अशी रुतवतो की ती कापत जावी, खरडत जाऊ नये. कारण खरडली की घर्षण वाढले. राजूर घाट उतरताना एस. टी. वळली की आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, हे तुम्ही अनुभवले असेल. स्की करणारा तेच वळण त्याहून कितीतरी वेगाने घेतो आणि त्यासाठी शरीर आतल्या बाजूला झुकवतो. हे अर्ध्या क्षणाने चुकले तर तो शर्यतीबाहेर! १३ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘जायंट स्लालम’ शर्यतीत भारताचे एकुलते एक खेळाडू, काश्मीरचे आरिफ खान, पंचेचाळिसावे आले. “पंचेचाळिसावा म्हणजे काय मोठे?” असे ओसरीवर कोणी तरी म्हणालेच. पण त्या दिवशी हिम पडत होते आणि कित्येक खेळाडूंना शर्यत पुरी करताच आली नव्हती. नुसता क्रमांक वाचून हे कळत नाही. किती जण निघाले आणि किती पोहोचले, हेही विचारावे लागते. तेव्हा ‘नुसती घसरगुंडी’ हे मत तराजूत टिकत नाही.

दुसरे मत पात्याच्या लवण्याचे. ‘लूज’ नावाच्या शर्यतीत खेळाडू छोट्या घसरगाडीवर उताणा पडून बर्फाच्या नळीसारख्या वाटेतून खाली येतो. हिमाचल प्रदेशाचे शिव केशवन यांनी १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ह्याच खेळात भाग घेतला. ह्यात वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. १९९८ साली नागानो येथे महिलांच्या शर्यतीत चार फेऱ्यांच्या बेरजेत पहिली आणि दुसरी यांच्यात ०.००२ सेकंदाचा फरक होता. ताशी १०० किलोमीटर वेग धरला तर तेवढ्या वेळात घसरगाडी सुमारे साडेपाच सेंटिमीटर जाते. तीन बोटांची रुंदी! सोन्याचे पदक तीन बोटांवर गेले.

विद्युत-घड्याळ आणि प्रकाशकिरण यांच्या साह्याने असा फरक मोजता येतो, ह्यात शंका नाही. पण माझ्या विद्यार्थ्याची शंका घड्याळाहून खोल आहे. पहिल्या खेळाडूच्या वेळचा बर्फ आणि दहाव्याच्या वेळचा बर्फ सारखाच असतो काय? ऊन वाढते, वाट झिजते, वारा फिरतो. साधन जितके सूक्ष्म मोजते, तितकी सूक्ष्म समानता परिस्थितीत नसेल, तर शेवटच्या आकड्याला किती अर्थ द्यायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत आपणही विचारला पाहिजे. स्कीच्या उतार-शर्यतींत तर निकाल शंभराव्या भागापर्यंतच धरतात. २०१४ साली सोची येथे महिलांच्या डाउनहिलमध्ये दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी सारखीच आली आणि दोघींनाही सुवर्णपदक देण्यात आले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. तेव्हा दुसरे मत निम्मे टिकते.

तिसरे वजन करण्यापूर्वी माझी एक चूक कबूल करतो. बर्फ निसरडा का असतो, ह्याचे उत्तर मी कित्येक वर्षे वर्गात असे देत आलो की, स्केटच्या पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून खेळाडू घसरतो. मघाच्याच मुलीने हे गणित करायला घेतले. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन एक चौरस सेंटिमीटर पात्यावर पडले, तर दाब सुमारे ६० वातावरणे होतो. एका वातावरणाच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू जेमतेम ०.००७५ अंशाने उतरतो. म्हणजे एकूण उतार अर्धा अंशही नाही! स्केटिंगचा बर्फ तर शून्याखाली कित्येक अंश असतो. ती म्हणाली, “सर, मग हे जमत कसे?” मला उत्तर आले नाही.

घरी येऊन वाचले तेव्हा कळले की दाबाचे उत्तर अपुरे आहे. बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये दाखवले की, घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा पृष्ठभाग वितळतो. शिवाय बर्फाच्या अगदी वरच्या थरातील रेणू आतल्यांइतके घट्ट बांधलेले नसतात आणि शून्याखालीही तो थर काहीसा द्रवासारखा वागतो. ही कल्पना मायकेल फॅरडेने १८५० मध्येच मांडली होती. बर्फ न पाहिलेल्या मुलीने बर्फ न पाहिलेल्या शिक्षकाची चूक केवळ गणिताने पकडली. तिच्या स्वतःच्याच प्रश्नाचे ह्याहून चांगले उत्तर कोणते असेल?

आता तिसरे मत, काकांचे. बीजिंगजवळचे ते डोंगर कोरडे आहेत. तेथील शर्यतींसाठी वापरलेले जवळजवळ सर्व हिम यंत्राने केलेले होते. असे हिम ऑलिंपिकमध्ये प्रथम १९८० साली लेक प्लॅसिड येथे वापरण्यात आले. यंत्राची युक्ती आपल्या परिचयाची आहे. दाबाखालील हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवतात. तुषारातले थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ६०० कॅलरी लागतात, तर शून्य अंशावरील एक ग्रॅम पाणी गोठताना फक्त ८० कॅलरी बाहेर पडतात. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडून गेले तर शून्य अंशावरचे सातेक ग्रॅम गोठवू शकते! आपला माठ आणि खामगावच्या घराघरांतला कूलर ह्याच तत्त्वावर चालतात. हवा कोरडी तेवढे काम चोख. म्हणून कूलर मे महिन्यात गार वारा देतो आणि जुलैत नुसता दमटपणा.

मग पाणी किती? एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा, तर ३,००० घनमीटर हिम लागेल. एक घनमीटर यंत्रहिमाला सुमारे ४०० लिटर पाणी धरले, तर हा आकडा १२ लाख लिटर होतो. दहा हजार लिटरचे १२० टँकर! एका हेक्टरला! हा आकडा ऐकून आमची ओसरी काही वेळ गप्प झाली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या जिल्ह्यात ह्या संख्येचा अर्थ कोणी वेगळा सांगावा लागत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हे पाणी नष्ट होत नाही. वसंतात हिम वितळले की बरेचसे पाणी ओढ्या-नद्यांना मिळते. पण ते उपसायला आणि तुषार उडवायला वीज लागते, आणि कोरड्या प्रदेशात हिवाळ्याचे पाणी आधी कोणाला, हा प्रश्न उरतोच. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा अंदाज मांडला की, हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर पूर्वी हे सामने भरलेल्या २१ शहरांपैकी शतकाच्या अखेरीस एकटे जपानचे साप्पोरो त्यासाठी भरवशाचे राहील. म्हणजे यंत्रे वाढणार आणि पाणीही. काकांचे मत तराजूत पुरते टिकते. ऑलिंपिकच्या संयोजकांनी ऐकावे असेच ते आहे, आणि पाण्याची किंमत जाणणाऱ्या माणसालाच ते प्रथम सुचले.

कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचे? पुण्याच्या श्रुती कोतवाल चाकांच्या स्केट्सवर शिकून पुढे बर्फावरील वेगवान स्केटिंगपर्यंत पोहोचल्या, तेव्हा महाराष्ट्राला बर्फ अगदीच परका नाही. पण माझा मुद्दा पदकांचा नाही. न पाहिलेल्या गोष्टीला एका शब्दात निकालात काढणे आणि न पाहिलेल्या गोष्टीपुढे गप्प बसणे, ह्या दोन्ही सवयी सारख्याच वाईट. तीन मतांपैकी एक पडले, एक निम्मे राहिले, एक पुरते उभे राहिले. हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नाही.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. पुढच्या हिवाळी सामन्यांच्या वेळी एखादी शर्यत मुलांना जरूर दाखवा, आणि त्यांनी काढलेले प्रत्येक मत फळ्यावर लिहा. मग त्यापुढे एकच शब्द जोडा: ‘किती?’

आणि विद्यार्थ्यांनो, तोवर एवढे करा. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही सावलीत वाऱ्याला टांगा. त्यांच्या वाचनांतला फरक एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये टिपून ठेवा. हिम करणारे लोकही यंत्र सुरू करण्यापूर्वी ओल्या तापमापकाचेच वाचन पाहतात.